वरातीच्या मागच्या टोकाला

गावात वरात निघाली की बायका नवरदेव पाहतात, पोरं डीजेकडे धावतात आणि मी मान वळवून सगळ्यात मागे पाहते, जिथे जनरेटरची गाडी असते तिथे. ही खोड मला तायडे सरांची लागली. ते आमच्या शाळेत पीटी शिकवायचे. सरांना जाऊन वर्ष होत आलं, पण माझी मान काही सरळ झालेली नाही.

शाळा वरवट बकालजवळच्या एका गावात, अगदी मोठ्या रस्त्याला लागून. मी देऊळगाव राजाकडची. मराठी शिकवायला इथे आले तेव्हा पहिले काही दिवस माझ्याच वर्गात माझ्या मराठीला हसू फुटायचं. मी ‘कशाला’ म्हटलं की मागच्या बाकावरून हळूच ‘कायले’ यायचं. मी वैतागून स्टाफरूममध्ये बसले होते, तेव्हा कोपऱ्यात चेंडूत हवा भरत बसलेला एक उंच, काळासावळा माणूस म्हणाला, “मॅडम, तुमची मराठी पुस्तकात ठेवा, आमची गावात राहू द्या. दोन्ही चालतीन.” हे तायडे सर. गळ्यातली शिट्टी शर्टाच्या खिशात खोचलेली, आणि कॅनव्हासचे बूट खडूनं पांढरे केलेले. त्यांनी तो पंप माझ्या हातात दिला आणि दुसरा चेंडू घेतला. बोलता बोलता मी दोन चेंडू भरून टाकले.

रिकाम्या हाताचं माणूस दिसलं की त्यांना चैनच पडत नसे. त्यातून पोरगा असेल तर विचारायलाच नको. सकाळी ते फाटकात उभे राहायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येक मोठ्या पोराशी हात मिळवायचे. नव्या माणसाला वाटायचं, काय शिस्तीची शाळा आहे! खरी गोष्ट वेगळी होती. हात मिळवून झाला की सर पाठीमागे वळून आपला तळवा हुंगायचे. कुणाच्या हाताला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा वास, कुणाच्या हाताला नशेसाठी हुंगतात त्या पंक्चरच्या सोल्युशनचा. ज्याचा वास आला त्याला रागावत नसत. “आज माह्यासंगं मैदानावर फक्की मार बे,” एवढंच. मग ते पोरगं मधली सुट्टीभर चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढत असायचं आणि सर त्याच्या बाजूनं काहीबाही बोलत चालत असायचे. घरचं विचारायचे, बैलाचं विचारायचे. खर्ऱ्याचं नाव काढायचे नाहीत.

सरांचा धाकटा भाऊ दिलीप त्यांच्याच घरी राहायचा. तो प्यायचा. मधल्या सुट्टीत शाळेबाहेरच्या सिमेंटच्या बाकावर येऊन बसायचा आणि सर त्याच्यासाठी चहा घेऊन जायचे. दिलीपचे हात थरथरत, म्हणून सर चहा बशीत ओतून बशी स्वतः धरायचे. सगळी शाळा बघत असायची. आम्ही नवे लोक नजर फिरवायचो, सर नाही.

एकदा मी भीत भीत विचारलं. सरांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. सरांचं लग्न झालं तेव्हा दिलीप दहावीत होता. वरात निघायच्या आधी दोस्तांनी नवरदेवाला घेरलं आणि विचारलं, “मागच्यायचं काय?” मागचे म्हणजे वरातीच्या शेवटी राहून पिणारे. त्यांची सोय नवरदेवानं करायची असा आमच्याकडचा दंडक. सरांनी खिशातले पैसे काढून दिले. त्याच पैशाच्या दारूचा पहिला ग्लास पाहुण्यांनी कौतुकानं दिलीपच्या हातात दिला. भावाचं लग्न आहे, आज नाही तर कधी! पुढे तो एकदा शाळेत पिऊन आला. तेव्हाच्या हेडसरांनी टीसी हातात देऊन त्याला घरी पाठवलं. हीच शाळा.

“टीसी देल्ला का काय होते, मालूम हाय काय मॅडम?” सर म्हणाले. “पोराचा दिवस मोकळा होते.”

एका हेडसरांनी त्यांना सुचवलं होतं की व्यसनमुक्ती सप्ताहात दिलीपला मुलांसमोर उभं करा, चांगला परिणाम होईल. सरांचा चढलेला आवाज मी फक्त तेव्हा ऐकला. “माहा भाऊ काई पोस्टर नोय, सर,” असं म्हणून ते उठून मैदानावर गेले आणि बराच वेळ एकटेच व्हॉलीबॉलचं जाळं बांधत राहिले.

पण सप्ताह तर दरवर्षी करावाच लागायचा, वरून आदेश असायचा. मी आले त्या वर्षी तो सरांच्या गळ्यात पडला. सरांनी मोठ्या हौसेनं ठरवलं, होळी जवळ आली आहे तर शाळेत व्यसनांची होळी करू. प्रार्थनेच्या वेळी माईक हातात घेऊन सांगितलं, “घरात बिडी, तंबाकू, खर्रा, पुड्या, जे असन ते घेऊन या. जो वर्ग जास्त आनीन त्याचा नंबर पयला.” पोरांना नंबर म्हटला की दुसरं काही दिसत नाही. होळीच्या दिवशी मैदानावर पुड्यांचा हा ढीग! हेडसरांनी फोटो काढले, आम्ही टाळ्या वाजवल्या. आठवी ब पहिली आली.

धुळवडीनंतर शाळा उघडली तसा बसस्टॉपवरचा पानठेलेवाला शाळेत आला. सरांसाठी खास पान बांधून आणलं होतं. “सर, असा कारेक्रम दरसाली ठेवत जा,” तो म्हणाला. “माल पुरला नाही मले.”

ज्यांच्या घरी काही नव्हतं त्या पोरांनी नंबरासाठी ठेल्यावरून विकत आणलं होतं. आयुष्यात कधी ठेल्याची पायरी न चढलेली पोरं, काही पोरीसुद्धा, रांगेत उभी राहून नावं विचारून पुड्या घेऊन आली होती. आणि ठेलेवाल्यानं विकलेला सगळा माल होळीपर्यंत पोचलाच नव्हता. काही पुड्या वाटेतच फुटल्या होत्या.

सरांनी डोक्याला हात लावला. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. ह्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना बोलावून सांगितलं, “आपुनच पोरायले ठेल्यावर धाडलं. मी धाडलं.” मग त्यांनी व्हरांड्यातली कवटीची आणि सडलेल्या फुप्फुसाची चित्रं स्वतः स्टुलावर चढून काढली. हेडसर म्हणाले, अहो, भीती तरी राहते. सर म्हणाले, “कोनाले? मले तं कोनी भेलेलं दिसलं नाही.”

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. कबड्डी झाल्यावर नववी-दहावीची पोरं मातीत बसली होती. मी हजेरीचं काही विचारायला गेले होते, म्हणून ऐकायला मिळालं. सरांनी ‘तू पितोस का’ असं कुणालाच विचारलं नाही. बुटाची लेस बांधत सहज विचारलं, “काऊन बे, आपल्या गावातलं पोरगं पयल्यांदा पेते तं कुठी पेते?”

“वरातीत, सर,” चार-पाच जण एकदम म्हणाले.

“कोन देते?”

“मामा देते. काका देते. मोठ्या भावाचे दोस्त देतात. जनरेटरच्या मांगं.”

“अन् नाही म्हनाव तं?”

मग एकजण म्हणाला, “मामाले नाही कसं म्हनाव, सर? मामाचा मान असते.”

सर लेस बांधायची विसरले. मला म्हणाले, “आयकलं मॅडम? आपुन यायले वाईट काय ते सांगून राह्यलो. वाईट काय ते यायले आपल्याहून जास्त मालूम हाय. नाही कसं म्हनाव, हे मालूम नाही.”

पुढच्या लग्नसराईत तायडे सर रस्सीखेचीची जाड दोरी घेऊन लग्नघरी जायला लागले. व्यसनमुक्ती हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. म्हणायचे, “वरात रोडवरून जाईन, ट्रक चालू असतात, एखांदं पोरगं चाकाखाली येईन. आमच्या शाळेची पोरं दोरी धरतीन वरातीभोवती.” ट्रकचं नाव काढलं की घरची बायामाणसं लगेच हो म्हणायची. बौद्धपुऱ्यातला मास्तर आपल्या वरातीत शिट्टी वाजवणार, हे काही मोठ्या घरांना रुचलं नाही. त्यांनी तोंडावर नाही म्हटलं नाही, पण वेळेवर कळवलंही नाही. सर न बोलावता गेले. वरात निघते त्या पारावर जाऊन पोरांसकट उभे राहिले की कोण हाकलणार?

पांढऱ्या पीटीच्या गणवेशातली नववी-दहावीची पोरं वरातीच्या दोन्ही बाजूंनी दोरी धरून चालायची. आतल्या बाजूला नाचणारे, बाहेर ट्रक. सरांची अट एकच: दोरीवाल्यांची पंगत पहिली. आमच्याकडे लग्नात पोरांची पंगत कधी लागेल याचा नेम नसतो. इथे दोरीवाली पोरं पाहुण्यांच्या आधी, सन्मानानं पाटावर. पोरं दोरीसाठी भांडायला लागली.

आणि सरांचं एकच वाक्य, वरात संपेपर्यंत: “दोरीले ढील नको.” दोरी ताठ असली की सगळे जागेवर आहेत. एकानं जरी हात सोडला तरी तिथे दोरी लोंबते आणि साऱ्या गावाला दिसते. सर पुढे कधी चालले नाहीत. कायम मागच्या टोकाला, जनरेटरच्या गाडीला लागून, पाण्याची कॅन खांद्यावर घेऊन. मागचे चिडायचे. एकजण म्हणायचा, “सर, तुम्ही पुढं जा ना, नवरदेवाजवळ शोभान.” सर म्हणायचे, “माहं इथंच बरं हाय.”

गोपाल तेव्हा नववीत होता. शेतकऱ्याच्या घरचा, अंगानं दणकट, कबड्डीत त्याला धरायला तिघं लागायचे. त्याच्या चुलतभावाच्या लग्नात तो दोरीवर होता. बसस्टॉपच्या वळणावर मागची दोरी लोंबली. सरांनी गोपालची जागा घेतली, दोरी ताठ केली आणि वरात मांडवात पोचवली. मग परत जाऊन वळणावर पिऊन पडलेल्या गोपालला उचलून घरी नेलं. पण तोवर कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला होता. आमच्या शाळेच्या पांढऱ्या गणवेशात ओकणारा पोरगा सकाळी गावातल्या प्रत्येक फोनवर होता.

शाळेची समिती जमली. बैठकीचं लिहून घ्यायला मी होते. गोपालचे वडील दाराजवळ उभे, नजर जमिनीवर. हेडसरांचं म्हणणं, दहावीत जायच्या आत टीसी देऊन मोकळं व्हावं, बाकी पोरं बिघडतील. समितीतले एक गृहस्थ सरळ तायडे सरांवरच घसरले. “तुमच्या दोरीनंच पोरगं वरातीत नेलं. नाही तं ते घरी बसलं असतं.”

मला वाटलं, सर चिडतील. सर म्हणाले, “खरं हाय. नेलं मीच.” “पन भावाच्या वरातीत ते तसंही गेलंच असतं. दोरी होती म्हनून मले दिसलं. एक टीसी या शाळेनं माह्या घरी देल्ला हाय. ते पोरगं आज बी बाहीरच्या बाकावर बसून हाय, खिडकीतून पाहून घ्या. तवा टीसी देल्ल्यानं शाळा सुधरली का नाही, मले मालूम नाही. पोरगं नाही सुधरलं.”

कुणी खिडकीतून पाहिलं नाही. बाहेर दिलीप बसलेला सगळ्यांना माहीत होता.

शेवटी ठरलं ते असं: गोपाल शाळेत राहील, पण तो पुन्हा पिताना दिसला तर त्याच दिवशी त्याच्या हातात टीसी आणि सरांची दोरी बंद. सरांनी मान डोलावली. गोपालच्या वडिलांनी सरांचे हात धरले. सर म्हणाले, “हात सोडा, पाटील. माहं काम आता सुरू झालं.”

पुढच्याच लग्नात सरांनी गोपालला दोरीवर घेतलं आणि तेही मागच्या टोकाला, जनरेटरच्या गाडीजवळ. मी सरांवर खरंच रागावले. “अहो, त्याला पुढे ठेवा ना! तिथेच का?”

“त्याले तिथचं सारं मालूम हाय,” सर म्हणाले. “अन् पुढं कोनी त्याले बोलावनारच नाही. मंग तो नाही कधी म्हनन?”

त्या दिवशी मी बायकांसोबत वरातीत होते, पण माझे पाय मागे मागेच पडत होते. एका पोराची दहावी आणि सरांचं सगळं, दोन्ही त्या दोरीच्या टोकाला लटकलेलं. पाराच्या पुढे गेल्यावर गोपालचा मामाच आला. खुद्द मामा, हातात दोन ग्लास. “घे बे भाच्या.”

गोपालनं सरांकडे पाहिलं. सर पाठ करून उभे होते, मुद्दाम की काय कोण जाणे, कॅनमधून कुणाला तरी पाणी देत होते.

“हात गुतले हाय मामा,” गोपाल म्हणाला.

“सोड ना एक हात. मामाचा मान ठेवत नाही काय?”

“ठेवतो ना मामा. पन सोडला का दोरी लोंबते. सारं गाव पाह्यते.”

मामानं दोरीकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, जोरात हसला. “तायडे मास्तरनं पोरायले कामाले लावलं बाप्पा!” म्हणत दोन्ही ग्लास त्यानं स्वतःच रिकामे केले आणि नाचायला गेला. मान राहिला, भांडण झालं नाही, पोरगं कोरडं राहिलं. गोपालच्या कपाळावरून घाम गळत होता आणि तो पुसायला त्याच्याकडे हात नव्हता. सरांनी जवळ जाऊन आपल्या रुमालानं पुसला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सगळीच पोरं अशी वाचली असं नाही. दोरी सोडून गेलेली पोरंही मला आठवतात. त्यातली दोन-तीन आज ठेल्यामागे दिसतात. सर त्यांचीही नावं घ्यायचे, विसरायचे नाहीत. पण टीसी आमच्या शाळेनं पुन्हा त्या कारणासाठी कुणाला दिला नाही. गोपाल दहावी झाला, आयटीआय केलं, आता घरांच्या वायरिंगची कामं घेतो.

सर निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटलं. तायडे वहिनी त्यांना संध्याकाळी दारात, रस्त्याकडे तोंड करून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवायच्या. बाजूला ओट्यावर दिलीप. आता बशी दिलीप धरायचा. दोन थरथरणारे हात आणि एक न हलणारा, चहा अर्धा सांडायचा. वहिनी पुन्हा ओतून द्यायच्या.

दोरी माझ्याकडे आली. नवे पीटीचे सर जळगाव जामोदहून ये-जा करतात, त्यांना शेवटची बस गाठायची असते. मग मराठीची मॅडम शिट्टी घेऊन वरातीमागे चालते. गावानं आधी हसून घेतलं, मग सवय करून घेतली.

गेल्या उन्हाळ्यात गोपालचं लग्न झालं. दोस्तांनी त्यालाही घेरलंच, “नवरदेव, मागच्यायचं काय?” तो म्हणाला, “मांगं दोरी हाय.” एवढंच. काही दोस्त रुसून घरी गेले, बाकीचे राहिले. मारुतीच्या पारावरून ऊन उतरताना वरात निघाली ती त्यानं मुद्दाम सरांच्या दारावरून घेतली. दारासमोर तो घोड्यावरून उतरला आणि सरांच्या पायाशी वाकला. सर डाव्या हातानं त्याच्या फेट्याला चाचपत राहिले.

तेवढ्यात मागची दोरी लोंबली. मी पाहिलं तर टोकाचं नववीचं पोरगं नवरदेवाचा फोटो काढायला मोबाईल घेऊन पुढे पळालं होतं. मी शिट्टी तोंडाला लावणार, तोच दिलीप ओट्यावरून उठला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो गेला आणि त्यानं दोरीचं टोक उचललं. त्यानं त्या दिवशी घेतली नव्हती असं मी म्हणणार नाही. वास येत होता. पण त्यानं दोरी दोन्ही हातांनी धरली आणि मागे ओढून ताठ केली. हात थरथरत होते, दोरी थरथरत होती, लोंबत नव्हती.

सरांनी मान वळवली. फार कष्टानं, एकेक अक्षर गोळा करत म्हणाले, “ढील... नको.”

“नाही देत, दादा,” दिलीप म्हणाला.

तो मांडवापर्यंत गेला. ते नववीचं पोरगं परत आलं, तरी दिलीपनं त्याला जागा दिली नाही. ते बिचारं त्याच्या पुढे, दोरीचा मधला भाग धरून चाललं. अंधार पडायच्या आत मी वहिनींसाठी लग्नाचा डबा घेऊन परतले, तर सर तसेच खुर्चीत बसलेले, नजर वळणाकडे.

“दिल्या?” त्यांनी विचारलं.

“मांडवात आहे सर. जेवायला बसलाय. दोरीवाल्यांच्या पंगतीत, पोरांबरोबर, पहिल्या पंगतीत.”

सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला त्यांनी डावा हात उचलला नाही, त्या हातानं त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग मला परत मांडवाकडे ढकलत ते म्हणाले, “पोटभर... वाढा म्हना... त्याले.”